पोस्टरवरची सारिका

परवा नांदेडला गेले होते. माझ्या बहिणीची मुलगी ऋचा तिथे ग्राफिक डिझायनर आहे, आणि तिनं पहिल्यांदाच एका सिनेमाचं पोस्टर केलं होतं... "मावशी, तू यायचंच," म्हणाली. लातूरहून सकाळची एसटी पकडली.

सिनेमा किनवटच्या जंगलातल्या एका मुलीचा. पुण्याच्या मंडळींनी महिनोन् महिने हिंडून इस्लापूरकडच्या वसतिगृहातली खरीखुरी मुलगी निवडली होती. सारिका, बारावीतली. काळीसावळी, तेलानं चप्प बसवलेले केस, आणि बघत राहावं असा चेहरा. असा चेहरा असलेली आपल्या भागातली मुलगी, सिनेमात, आणि तीही मुख्य भूमिकेत... घरून निघताना मी खरंच हरखले होते.

थिएटरच्या दारात माणसाच्या उंचीचं पोस्टर उभं केलं होतं. सारिकाची आई रोजंदारी बुडवून किनवटहून रेल्वेनं आली होती. ती पोस्टरसमोर थांबली, दोन पावलं मागं गेली, परत जवळ आली. मग शेजारी मी होते म्हणून मलाच विचारलं, "बाई, माझी सारिका कुठं हाय यात?"

"मीच हाय की ती, आई," मागून सारिका म्हणाली.

"तू? तू अशी कवा झालीस?"

आजूबाजूचे हसले. आईही हसली, जरा ओशाळून.

पोस्टरवरची मुलगी गोरी होती. गुलाबी गाल, घारे डोळे, धारदार केलेलं नाक. मागचं जंगल तेवढं जसंच्या तसं, पान न् पान खरं...

ऋचाला बाजूला घेतलं. वाटलं, निर्मात्यानं करायला लावलं असणार. तर ती म्हणाली, "कुणीच काही सांगितलं नाही गं. चेहरा समोर आला की हात तसाच चालतो माझा. तूच नाही का शिकवलंस?"



लातूरला आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो हे काढायचे, रिटचिंग मी करायची. स्थळांना पाठवायच्या फोटोंचं काम सगळ्यात जास्त. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं जितकं काळं करावं, तितकं फोटोत गोरं उमटतं. लहानपणी ऋचा सुट्टीत यायची, तेव्हा तिला मांडीवर घेऊन, तिचा हात धरून मी हेच शिकवलं... किती कौतुकानं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत असताना सिस्टर म्हणायच्या, तुझ्या हातात देवानं कला दिली आहे. त्या कलेचं मी हे केलं.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर सारिका स्वतःच्या रंगात आली, आणि इतकी सुंदर दिसली की मी खुर्चीत पुढे सरकून बसले. वाटलं, आता ही बाहेर येऊन त्या पोस्टरवर चिडेल. निदान रुसेल तरी. ऋचाची बोलणी मी खाईन, पोस्टर बदलून घेईन, असं अंधारात बसून ठरवलंसुद्धा.

बाहेर आल्यावर सारिका लाजत आमच्याकडे आली. मोबाईलमधला स्वतःचा एक साधा फोटो तिनं ऋचापुढे धरला. "ताई, ह्योबी तसाच करून देता का? पोस्टरवानी."

मी तिच्या आईकडे पाहिलं. ती तरी नको म्हणेल...

"करा की, बाई," आई म्हणाली. "शिकून झाल्यावर पाव्हणे बघाया येतील, तवा कामी येईल."

तीस वर्षं स्टुडिओच्या बाकावर बसून बायका मला हेच सांगायच्या. अगदी याच आवाजात, कुजबुजत, मुलीच्या देखत.

ऋचा फोन हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. सारिकाही बघत होती, डोळ्यांत नुसती आशा. नाही म्हणायचा हक्क माझ्याकडे उरला कुठे होता?

"नाक तरी तिचं राहू दे," एवढंच मी म्हणाले. इतक्या वर्षांत एवढंच मागितलं मी... आणि तेही कुणाला नीट ऐकू गेलं नाही.