तिनं माझं काय नाव टाकलं होतं?

आम्हा दोघांचं शेवटचं काम म्हणजे कूलरात नवा वाळा भरणं. मी स्टुलावर, ती खाली स्टूल धरून. "अवो, पडसान ना! तो कोपरा रिकामा राहिला." मी म्हटलं, "मंग तूच चढ." हासली. कूलर सुरू केला, दोघंही समोर बसून गार हवा खाल्ली. बस. त्याच आठवड्यात कौसल्या गेली... झोपेतच.

हे पहिले सांगून टाकलं, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणसान का बायको गेल्यावर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. नाही फिरलं. मी चौथी शिकलेला माणूस. अर्धी उमर हातमागावर गेली, उरलेली सदर भागातल्या दुकानात चौकीदारी करण्यात. इतकी वर्षं रात्र रात्र एकटा बसलो, भूत तर आलं नाहीच, चोरही आला नाही. वस्तीत एका बाईच्या अंगात येई, तिले मी तोंडावर विचारायचो, "च्या आता घेता का उतरल्यावर?" असा मी.

आम्ही हुडकेश्वरले राहतो. मी, पोरगा संजू अन् सून प्रणाली. प्रणाली रामदासपेठेत कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. आमच्या गल्लीतल्या बायांची एक टीम आहे, ऑर्डरवर पापड, कुरडया, बेसनाची पातोडी करून देतात. कौसल्या त्यात होती. या टीमसाठी प्रणालीनं एक विकी बनवून दिली. विकी म्हणजे सगळ्या बायांची एकच वही समजा, पण कॉम्प्युटरातली. कोणीही पान जोडावं, दुसरीचं चुकलं तर सुधरावं. ज्यांले लिहिता येत नाही त्या बोलून आवाज भरतात. कौसल्या आवाजच भरे, पण कोणाले ऐकू देत नसे. "पहिले जमू द्या, मंग दाखवीन," म्हणे. तिची सगळी पानं कुलपात.

आता ते जुनं सॉफ्टवेअर बंद होऊन नवं येणार होतं. प्रणाली कितीतरी दिवस तयारीत लागली होती. सगळ्याची कॉपी काढून ठेव, नवं वेगळ्या ठिकाणी चालवून पाय, एकेका बाईले फोन करून "मावशी, तुमचं पान बरोबर दिसते का?" विचार. सगळं जमलं, शेवटच्या दिवशी अडलं एकाच ठिकाणी. नव्यात फक्त उघडी पानं जाणार होती. कुलपातली पानं जिची तिनंच उघडायची, नाही तर संध्याकाळी जुन्यासोबत पुसली जाणार.

माझ्याजवळ कौसल्याचा फोटो आहे, लुगडी आहेत. आवाज कुठंच नाही. होता तो त्या कुलपात.

पासवर्ड कोणाले माहीत नाही. मंग कॉम्प्युटर एक प्रश्न विचारते, उत्तर बरोबर असलं तर उघडते. सगळ्या बायांसाठी प्रणालीनं एकच प्रश्न ठेवला होता — नवऱ्याचं नाव.

"कोणी विसरणार नाही म्हणून ठेवला, बाबा."

मी कपाळावर हात मारला. "अवं पोरी, विसरणार नाहीत, पण घेणार बी नाहीत ना!"

कौसल्यानं उभ्या जन्मात माझं नाव घेतलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तरी शेजारणीले सांगाले लावे.

तरी माझं नाव 'श्रावण' टाकून पाहिलं. चूक. टीममधल्या कुसुमबाई येऊन बसल्या होत्या, त्या म्हणे, "भाऊजी, मी तर 'संगीताचे बाबा' टाकलं होतं. 'संजूचे बाबा' टाकून पाहा." चूक. 'अवो' टाकलं. चूक.

"आता राग नका मानू," कुसुमबाई पदर तोंडावर धरून म्हणे, "आमच्याजवळ तर ती 'म्हातारा'च म्हणे."

'म्हातारा' टाकलं. तेही चूक! मी म्हटलं, "चला, एवढी तरी इज्जत राहिली." कुसुमबाई हासून हासून लाल. पण प्रणालीचं तोंड उतरलं होतं. "आता एकच डाव राहिला, बाबा. हा चुकला तर कायमचं बंद. हात नका लावू कोणी."

आम्ही तिघंही सैपाकघरात गेलो, च्या मांडला. भरदुपारची वेळ. संजू कामावर. दाराले आतून कडी. लॅपटॉप तिकडं दिवाणावर. कुसुमबाई अजून नावं सुचवूनच राहिल्या होत्या... अन् बाहेरच्या खोलीतून आवाज आला —

"हं... बायांनो, तेल पहिले चांगलं तापू द्या वं. घाई नका करू."

कुसुमबाईच्या बशीतला च्या खाली सांडला. प्रणाली पळत गेली. कुलूप उघडलेलं, कौसल्याची सगळी पानं समोर, त्यातलं एक आपोआप वाजून राहिलेलं. पोरगी पहिले हासली, मंग रडली, अन् रडता रडताच सगळी पानं नव्यात सरकवली.

मी विचारलं, "उत्तर काय टाकलेलं आहे ते पाय."

"नुसते ठिपके दिसतात, बाबा. उत्तर कोणालेच दिसत नाही. मलेही नाही."

प्रणाली म्हणे, आईच्या फोनवर उघडं राहिलं असन. पण कौसल्याचा फोन कपाटात, ती गेली तेव्हापासून बंद. प्रणालीनं ऑफिसातल्या पोरांले विचारलं, ते म्हणे असं होत नाही. मशीन म्हणते, शेवटच्या डावाले कोणीतरी बरोबर उत्तर टाकलं. कुसुमबाई तर सगळ्या गल्लीत सांगून आल्या का कौसल्या आलती. मी तसं म्हणत नाही. मले माहीत नाही, तुम्हाले समजलं तर सांगा. कोणी टाकलं यापेक्षा काय टाकलं हेच मले जास्त छळते. येडा, खडूस, भांडखोर... मनात सगळं टाकून पाहिलं. ती मनात मले काय म्हणे, हे एवढ्या संसारात मी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी विकी सुरू झाली. प्रणालीनं पातोडीचं पान लावून दिलं अन् फोन डब्याले टेकवून ठेवला. मी गॅस पेटवला. जन्मात पहिल्यांदा. कौसल्या म्हणे बेसन घ्या, घेतलं. लसूण-मिरची वाटा, वाटली. मंग म्हणे, "मीठ अंदाजानं."

अंदाजानं म्हणजे किती? मागं नेऊन पुन्हा ऐकलं. "मीठ अंदाजानं." पुन्हा ऐकलं. तेच.

"अवं, किती ते एकदा नीट सांगत जाय ना!"

प्रणाली घाबरून धावत आली. मी म्हटलं, "काही नाही वं, तुझ्या सासूवर ओरडून राहिलो." लय दिवसांनी ओरडलो. पातोडी खारट झाली, अन् मी पोटभर खाल्ली.