लंडनहून अडीच तास

विमानाचं नाव काढलं तरी गेनोवेफाला शिसारी येई. एकुलता एक रादेक लंडनला निघाला, तेव्हा पोलंडमधल्या झेशूफच्या विमानतळावर तिला म्हणाला होता, "रडतेस काय आई? इथून लंडन पंधराशे किलोमीटर. अडीच तासांत पोचतं विमान. तुझी क्राकूफची बस तेवढाच वेळ खाते." त्यानंतर नाताळ असो की ईस्टर, न येण्याची कारणं सांगून झाली की शेपटाला हेच, "अडीच तासांवर तर आहे, कधीही येईन." ऑस्ट्रेलियाला असता तर निदान लाजेकाजेस्तव तरी आला असता मेला.

गेनोवेफाची नोकरी इस्पितळाच्या धुलाईखान्यात झाली. रक्तानं, ओकारीनं भरलेल्या चादरी तिनं नाक न मुरडता धुतल्या. किळस यायची ती तोंडदेखलेपणाची.

या वर्षी मात्र रादेकनं शब्द दिला होता. बापाच्या, तादेउशच्या, कबरीवर नवा ग्रॅनाइट बसला होता, सर्व संतांच्या दिवशी सगळं गाव कबरस्तानात लोटतं, तिथे तो आईशेजारी उभा राहणार होता. गेनोवेफानं त्याच्या आवडीचा कोबी-मांसाचा बिगोस मंद आचेवर ठेवला.

"तिकीट काढलंय का त्यानं?" शेजारच्या यानिनानं विचारलं.

"काढेल की. अडीच तासांवर तर आहे," गेनोवेफा बोलून गेली, आणि त्याचे शब्द आपल्या तोंडून आलेले ऐकून तिला स्वतःचीच घाण वाटली.

आदल्या दिवशी बादली आणि ब्रश घेऊन ती कबरस्तानात गेली. तिथे साफसफाईच्या कंपनीचं जाकीट घातलेली एक बाई तादेउशची कबर घासत होती.

"कोण गं तू? माझ्या नवऱ्याच्या कबरीशी काय करतेस?" असं ती विचारणार, तोच बाई स्वतःच बोलली.

"जरा जपून हं काकू, ओलं आहे. लंडनहून ऑर्डर आलीय. धुणं, शेवंतीच्या कुंड्या, काचेतले दिवे आणि शेवटी फोटो. साहेबांना यायला जमत नाही ना. उद्या फेसबुकवर टाकायचाय, म्हणून दोन्ही नावं स्वच्छ दिसायला हवीत म्हणाले."

म्हणजे तो येणार नव्हता. आईला सांगायच्या आधी त्यानं कबर धुणाऱ्यांना सांगितलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणं तिनं ऐकलं होतं. हा तर विमानाचं तिकीट वाचवून बापाचं श्राद्ध उरकत होता.

"गुणी आहे हो पोरगा," बाई ग्रॅनाइट पुसत म्हणाली. "आईबाप दोघंही गेले, तरी विसरला नाही. तुम्ही कोण त्यांच्या?"

दगडावर तादेउशच्या नावाखाली गेनोवेफाचं नाव होतं. मागे राहिलेल्या जोडीदाराचं नाव तिकडे आधीच कोरून ठेवतात. मरणाचं साल तेवढं मोकळं सोडतात.

"ती खालची गेनोवेफा मीच," ती म्हणाली. "अजून मरायची आहे."

बाईनं घाईघाईनं छातीवर क्रूसाची खूण केली. गेनोवेफा दगडाला पाठ टेकून ओल्या कबरीवर बसली.

"काढ आता फोटो."

"काकू, फोटोत माणूस चालत नाही आमच्यात."

"माणसांत कुठे धरतोय तो मला? काढ म्हणते ना."

बाईनं फोटो काढला आणि पाठवला. उत्तर लगेच आलं. ते वाचून बाई मोबाइल खिशात घालू लागली, तेव्हा गेनोवेफानं हात पुढे केला, आणि बाईला तो द्यावाच लागला.

रादेकनं लिहिलं होतं, "आईला जरा बाजूला सरायला सांगा. तिचं नाव झाकलं जातंय."