परातीतल्या अकरा किडी

मोजल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. धानाची पोती गाडीवर चढताना हमाल मोजतो, तरी बाजूला उभा राहून मीही मोजतो.

लग्नानंतर चौदा वर्षांनी लेक झाली. लाडाची, म्हणून तिच्या हातातलं पेपरमिंट कधी काढून घेतलं नाही. साडेचार वर्षांची असताना तिचे वरचे समोरचे चार दात काळे पडले. जेवताना ती रडायची.

"दवाखान्यात दाखवून आणा न जी," बायको म्हणाली.

"दुधाचेच दात होत. पडतीनच. कायले सुया टोचाच्या पोरीले?"

कारध्याला एक म्हातारी दातातली कीड काढून देते, असं ऐकलं होतं. मी लेकीला तिथे नेलं. म्हातारीने पाण्याच्या परातीत छपराचं तापलेलं कवेलू ठेवलं, त्यावर काटेरी रिंगणीच्या झुडपाचं बी आणि तेल टाकलं, वर मडकं पालथं घातलं. मडक्याच्या भोकातून पपईच्या देठाची नळी लेकीच्या तोंडात दिली. लेक धुराने खोकली, रडली. मी तिचं डोकं धरून ठेवलं. मडकं उचललं तेव्हा पाण्यावर पांढऱ्या बारीक किडी तरंगत होत्या. मी मोजल्या. अकरा. म्हातारीने पैसे घेतले नाहीत, सुपारी तेवढी घेतली.

घरी येऊन छाती फुगवून सांगितलं, "अकरा निघाल्या!"

दोन महिन्यांनी लेकीचा गाल सुजला, ताप चढला. भंडाऱ्याच्या दाताच्या डॉक्टरबाईंनी ते चार दात काढले. मागच्या दोन दाढांची मुळं साफ करून त्यांवर स्टीलच्या टोप्या बसवल्या. मी त्यांना अकरा किडींचं सांगितलं.

"दातात किडा नसतो हो," त्या म्हणाल्या. "ते बियांतलेच कोंब, तापलं की उडून बाहेर पडतात."

"दोन महिने आधी आणलं असतं तर?"

"चारही वाचले असते असं नाही म्हणणार. दोन तरी वाचले असते."

घरी येऊन मी कवेलू तापवलं. तेच बी, तेच तेल, वर मडकं. नळी कुणाच्याच तोंडात नाही. परातीत नऊ निघाल्या.

बायको चुलीजवळून पाहत होती. "ह्या कोनाच्या दातातल्या जी?" तिने विचारलं. मी परात अंगणात ओतून दिली.

जखम भरल्यावर डॉक्टरबाईंनी तारेवर चार छोटे दात बसवून दिले. ती तार मागच्या दाढांना पक्की केली आहे. पक्के दात सातव्या-आठव्या वर्षी येतील, तोवर हेच. आता ती मक्याचं कणीस दाताने न तोडता, दाणे काढून खाते. 'सायकल' नीट म्हणते, मधे काही दिवस तिला ते म्हणता येत नव्हतं.

रोज सकाळी मीच तिचे दात घासून देतो. घासून झाले की ती तोंड उघडते. "मोज न बाबा."

मी मोजतो. तिचे स्वतःचे सोळा.

"वीस हायेत," ती म्हणते, आणि समोरच्या चारांवर बोट ठेवते. "हे काहून नाई मोजत तू?"

त्यांतले दोन तरी वाचले असते, हे तिला अजून सांगितलेलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो.