लाथ मारणारी तोटी

गावंडेकाकांपुढे कोणी चहा ओतायला लागलं की काका आधी किटलीच्या चोचीकडे बघायचे. चहा चोचीखालून ओघळून टेबलावर सांडला की संपलंच. खिशातून बारीक कानस निघायची आणि कँटीनवाल्याची किटली काकांच्या मांडीवर यायची. "याच्या तोंडाले धार नाही, म्हणून चहा भिंत सोडत नाही. त्याले सांगा लागते बाप्पा, की इथून सुट." दोन मिनिटं घासून किटली परत. मग चहा सरळ कपात पडायचा. अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली एकही किटली त्यांच्या हातून सुटली नव्हती.

काका वर्कशॉपमध्ये टर्नर होते, रोज वलगावहून यायचे. लेथवर धातू कातताना त्यांचा हात असा की प्राध्यापकही त्यांना वचकून असत. वर्कशॉपात एक रजिस्टर होतं. काम बिघडलं की विद्यार्थ्यानं त्यात तक्रार लिहायची, आणि चूक टर्नरची असेल तर त्यानं पुढे 'मान्य' लिहून सही करायची. तेव्हाच स्टोअरमधून नवा माल मिळे. "साऱ्या नोकरीत माह्या नावापुढं 'मान्य' लागलं नाही," हे काका आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे. आम्ही मागून तोंड दाबून हसायचो.

मी अकोल्याची, शेवटच्या वर्षाला, आणि डोक्यात रॉकेट. प्रोजेक्टसाठी काकांनी मला रॉकेटच्या नॉझलसारखी छोटी पितळी तोटी कातून दिली. तिच्यातून दाबाची हवा सोडायची आणि जोर मोजायचा, एवढंच काम. पण हवा सोडली की तोटी बाजूला असा हिसका द्यायची की स्टँडचे बोल्ट ढिले व्हायचे. सबमिशनला बारा दिवस उरलेले. माझं डोकं फिरलं. तडक रजिस्टरात लिहून टाकलं, 'तोटी वाकडी कातली आहे.' काकांना एका शब्दानं विचारलं नाही. तेव्हा मी जरा जास्तच शहाणी होते.

काकांनी ते वाचलं, चष्मा पुसला. "चाल, दाखव मले." तोटीवर खडूनं खूण केली आणि मला दहा वेळा हवा सोडायला लावली. तोटीनं कधी डावीकडे हिसका दिला, कधी उजवीकडे, एकदा तर खाली.

"पाहून राहिली ना बेटा? खोट पितळेत असती तर दर खेपेले एकाच अंगाले लाथ मारली असती. ही तुही हवाच भिंत सोडून राहिली. कधी या बाजूनं आधी, कधी त्या."

हेच पुस्तकात मी चार वेळा वाचलं होतं. बाहेरची हवा आत रेटते, झोत भिंतीपासून सुटतो, आणि सगळीकडून एकदम सुटत नाही. "मग आता काय करायचं, काका?"

"किटलीले केलं तेच. त्याले सुटायचंच हाये तर सुटू दे, पण आपण सांगू तिथून, चारी अंगानं एकाच वक्ती. आतून गोल बारीक कड ठेवतो. जोर थोळा कमी भेटन, पण लाथ नाही मारणार."

कड ठेवायची तर पितळेचा नवा तुकडा हवा, आणि स्टोअरवाला काही केल्या देईना. काका म्हणाले, "तू जेवाले जाय. पाहतो मी." तिसऱ्या दिवशी नवी तोटी हातात आली. हवा सोडली. नुसता एकसारखा सूं आवाज, बोल्ट जागच्या जागी. मी वर्कशॉपातच नाचले. त्या प्रोजेक्टमुळे मला पुढची वाट मिळाली, आणि आज रॉकेटचे असले उधळणारे झोत वठणीवर आणणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. काकांची माफी मागायची मात्र राहिली. रजिस्टरातली ती ओळ खोडायचीही राहून गेली.

गेल्या महिन्यात काका गेले. वलगावला काकूंना भेटले आणि तशीच कॉलेजात आले. निदान आता तरी ती ओळ खोडायची होती. जुनं रजिस्टर कपाटाच्या तळाशी निघालं, माझं अक्षरही सापडलं. त्याच्यापुढे काकांच्या ठसठशीत अक्षरात 'मान्य', आणि खाली सही. तारीख होती मला जेवायला पाठवलं त्या दुपारची.

तेव्हा आठवलं, त्यानंतर काकांच्या तोंडून ती बढाई पुन्हा कधी ऐकली नव्हती. रडू आवरेना. पेन हातात धरून मी रजिस्टरची मागची-पुढची सगळी पानं उलटली. त्यांच्या नावापुढे दुसरं 'मान्य' कुठेच नव्हतं.