आईचा ब्रेक

वेल्डरनं बाबांच्या जुन्या गाडीतलं मॅटिंग उचललं. म्हणाला, "ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बरा आहे, शेजारचाच सडलाय. इथं कोण बसायचं?"

आई. प्रत्येक वळणावर तिचा उजवा पाय तिथं नसलेला ब्रेक करकचून दाबायचा. बाबा हसायचे, "लागला गं तुझा ब्रेक!" इतक्या वर्षांत तिथला रंग झिजला आणि गंज चढला. काळजीनं लोखंडही झिजतं, हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानं सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला. ती जागा कोरी झालेली पाहून मला उगाच चुटपुट लागली.

बाबांच्या माघारी आई आज पहिल्यांदाच गाडीत बसली. वळण आलं, तसा तिचा पाय नव्या पत्र्यावर दाबला गेला. मी वेग कमी केला आणि म्हणालो, "लागला गं तुझा ब्रेक."