मंगळवारची बाटली

दर मंगळवारी सकाळी दिगांबर वानखडे रिसोडच्या नाल्याचं पाणी एका बाटलीत भरायचा आणि मी साक्षीला उभा राहायचो. त्या मंगळवारी पावणेसात झाले तरी तो आला नाही, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायची लाज वाटते. मला वाटलं, हा मला टाळतोय. साक्षीला दुसरा कोणीतरी धरला असणार आणि पुलाच्या पलीकडून पाणी भरून गेला असणार. मी हातात बांबू घेऊन, तोंडातल्या तोंडात त्याला शिव्या देत वीस मिनिटं उभा होतो. मग त्याच्या घरून फोन आला. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत... माणूस गेला होता आणि मी त्याच्यावर संशय घेत होतो. तसं पाहिलं तर आमची सगळी मैत्री अशीच गेली.

दिगांबर सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होता. निम्म्या गावाचं रक्त त्याने काचेवर पसरून पाहिलेलं. कोणाला मलेरिया, कोणाला कावीळ, सगळं त्याला ठाऊक, आणि तोंडातून एक शब्द बाहेर नाही. निवृत्त झाल्यावर घरी बसेल असं वाटलं होतं, तर त्याला नवंच काम मिळालं. चार-पाच देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून ठरवलं होतं की गावोगावच्या सांडपाण्यात कोणते रोगजंतू वाहताहेत ते दर आठवड्याला पाहायचं, म्हणजे पुढची साथ पेशंट दवाखान्यात यायच्या आधीच कळेल. रिसोड बाजाराचं गाव, चहूकडची माणसं एसटीने, जीपने येतात-जातात, म्हणून आमचा नाला निवडला गेला. सात वाजायच्या आत दिगांबर बांबूच्या टोकाला बाटली अडकवून मधल्या धारेत सोडायचा, तीनदा विसळायचा, चौथ्यांदा भरायचा, निळ्या डब्यात बर्फावर ठेवायचा आणि डबा मांडीवर घेऊन वाशीमच्या एसटीत बसायचा. तिथून पाणी कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत, आणि त्याचे आकडे समुद्रापार.

माझं मोटार वायंडिंगचं दुकान नाल्याला लागूनच. जळालेली मोटार उघडायची आणि गिऱ्हाईक काय लपवतंय ते शोधायचं, असा धंदा. संशय अंगात मुरलेला. चहाच्या टपरीवर मी सिद्धान्त मांडला की परदेशी लोक आपल्या नालीच्या पाण्यातून औषध काढणार आणि आपल्यालाच विकणार. तो फारसा चालला नाही, म्हणून दुसरा मांडला : त्या पाण्यावरून आदल्या रात्री कोण किती प्यायला ते कळतं. हा मात्र असा चालला की आमच्या गल्लीतल्या एका प्रतिष्ठित गृहस्थाने सोमवारचा उपास धरला. त्याच्या बायकोने दिगांबरला गाठून हात जोडले, म्हणाली, भाऊ, पाणी रोजच नेत जा.

दिगांबर यावर पोट धरून हसला. माझं मात्र सगळंच हसण्यावारी नव्हतं. कोरोनात आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाकडी बल्ल्या ठोकून रस्ता बंद केला होता. दुकान आत, गिऱ्हाईक बाहेर. बल्ल्या निघाल्यावरही लोक कितीतरी दिवस माझ्या हातून मोटार घेताना नाकाला रुमाल लावत. आता याच्या बाटलीत काही निघालं तर पुन्हा तेच... तो समजावायचा की नाला साऱ्या गावाचा आहे, तुझ्या गल्लीचं नाव कोणी लिहीत नाही. पण ज्याला सगळं ठाऊक असतं आणि जो काहीच बोलत नाही, त्याच्या शब्दावर माझ्यासारख्याचा भरवसा बसत नाही.

मग एका मंगळवारी त्याचा गुडघा सुजला. नाल्याच्या पायऱ्या उतरवेनात. तो माझ्या दुकानात पाय लांब करून बसला आणि बाटली माझ्या हाती दिली. मी दुकानाच्या मागे गेलो, बोअरच्या नळाखाली बाटली तीनदा विसळली, कारण पद्धत म्हणजे पद्धत, चौथ्यांदा भरली, आणि तिच्यात सकाळच्या चहाचं गाळलेलं काळं पाणी आणि चिमूटभर माती घातली. रंग असा जमला की मला माझं कौतुक वाटलं. बल्ल्या टळल्या, असं म्हणत मी दिवसभर शीळ घालत वायंडिंग केलं.

दहा दिवसांनी दिगांबर आला आणि स्टुलावर बसला. वरून फोन आला होता. त्या आठवड्याच्या पाण्यात माणसाचा अंशही सापडला नव्हता. म्हणजे त्या दिवशी अख्ख्या रिसोडात कोणी संडासला गेलंच नव्हतं.

"बबन्या," तो शांतपणे म्हणाला, "चहापत्ती कोण्या दुकानाची होती?"

मी मोटारीत डोकं घातलं.

"तुले बल्ल्यांचं भेव वाटते, मले ठाऊक आहे. पण मले काय वाटते ते कधी इचारलं काय? मी बी त्या लोकांवर संशयच घेतो. आपलं पाणी जाते, तिकून वापस काय येते? वर्षानं एक जाड पुस्तक. तोवर माणसं मरून जातीन. मी दर मीटिंगमध्ये भांडून राह्यलो, का आमच्या पाण्यात जे निघालं ते त्याच शुक्रवारी आमच्या दवाखान्यात आलं पाह्यजे. पहिले आमाले, मंग जगाले. आता कोणत्या तोंडानं भांडू?"

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "चहा घेतो काय?"

"दुधाचा," तो म्हणाला.

त्याच्या घरावर टिनं, तिथे रेंज नसायची, म्हणून मीटिंग माझ्या दुकानातून चालायची. एका जुन्या मोटारीला मोबाइल टेकवलेला, त्यात चौकोनाचौकोनांत देशोदेशीचे चेहरे. त्या महिन्यात दिगांबरने स्वतःहून सांगितलं की तो नमुना खोटा होता. कोणी भरला, असं पलीकडून विचारलं गेलं. मी टेबलाखाली, न हरवलेला स्क्रू शोधत होतो. "माय मिस्टेक," दिगांबर म्हणाला. झालं. आधी तुमचे नमुने भरवशाचे होऊ द्या, मग शुक्रवारचं बघू, असं ठरलं. शिवाय यापुढे दर वेळी साक्षीदारासह फोटो. साक्षीदार म्हणून त्याने निवडलं ते मला. त्या सगळ्या प्रयोगशाळांमध्ये आज माझे फोटो आहेत, नालीच्या पाण्याची बाटली कप जिंकल्यासारखी उंच धरलेले.

आता वाशीमहून नव्या मॅडम येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी दिगांबरचं रजिस्टर उघडून मला विचारलं, "काका, पुठ्ठ्याच्या आत ही पद्धत छापलेली आहे, पण शेवटची ओळ सरांनी हातानं काहून लिहिली असेल?" छापील मजकुराखाली त्याच्या किरट्या अक्षरात होतं : झाकण लावण्याआधी वास घ्यावा. मी म्हटलं, काय माहीत. पुढच्या मंगळवारीही तेच म्हटलं. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी मागचं एक पान माझ्यापुढे धरलं. "नमुना बाद. कारण : माझी चूक." शुक्रवारची मागणी त्यांनी पुन्हा लावून धरली होती, आणि वरचे लोक नेमकं याच पानावर बोट ठेवत होते. दुसऱ्यांचं रक्त जसं दिसलं तसं लिहिण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या रजिस्टरातली ही एकच खोटी नोंद... आणि ती माझ्यासाठी.

मी म्हटलं, ही ओळ खोडा. त्या म्हणाल्या, रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, खाली शेरा लिहिता येतो. पेन पुढे केलं. मी लिहिलं : "चूक दिगांबर वानखडे यांची नाही. पाणी माझ्या बोअरचं, चहा माझा." खाली पूर्ण नावानिशी सही. मॅडमनी वाचलं, हसल्या नाहीत. पानाचा फोटो काढून मागणीच्या पत्रासोबत पाठवला.

शुक्रवारचा कागद येईल का? मला अजून खात्री नाही. मी दर शुक्रवारी दवाखान्याच्या खिडकीशी जाऊन विचारतो, आला का, आणि आतला बाबू माझ्याकडे असा पाहतो, जसा मी इतकी वर्षं दिगांबरकडे पाहत आलो.

मंगळवारी बांबू माझ्याच दुकानातून निघतो. मी हातमोजे चढवून पायऱ्या उतरतो, मधल्या धारेत बाटली सोडतो, तीनदा विसळतो, चौथ्यांदा भरतो. मॅडम मास्क जरा खाली घेतात, हातभर अंतरावरून वास घेतात, एकदा माझ्याकडे बघतात, आणि मगच झाकण लावतात.