मधल्या पानावरची रेघ

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. दूधवाल्याच्या तोंडावर दुधात बोट बुडवून बघणारी बाई मी. संशयाला औषध नाही असं आई म्हणायची, आणि तिचं बरोबर होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात एका वाद्यांच्या दुकानाच्या माळ्यावर मी संगणकावर बसायचे. दुकानाच्या मालकांना भजनी मंडळांसाठी संगीताचं मासिक काढायचं होतं आणि त्याची सगळी मांडणी माझ्याकडे होती. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी मी जांभळ्या रंगात सतार काढली, खाली नाजूक अक्षरांत मासिकाचं नाव. मला ते फार देखणं वाटलं. मालकांनी कागद लांब धरला, मग जवळ धरला.

"गडहिंग्लजच्या पलीकडं सतार बघितल्याली चार माणसं दाखव मला," ते म्हणाले. "आपलं गिऱ्हाईक शेतातनं येऊन, हातपाय धुऊन देवळात बसतंय. चष्मा घरात इसरल्याला असतोय. त्याला दिसंल असं कर की."

मला राग आला, पण त्यात खोटं काही नव्हतं. सतार गेली, तिथे पेटीवरचे दोन हात आले. नाव एसटीच्या पाटीएवढं ठसठशीत झालं. चालीचं स्वरलेखन मी मधल्या जोडपानावर घेतलं, म्हणजे पिना उचकटल्या की ते अख्खं पान पेटीशेजारी पसरता येईल. अक्षरं एवढी मोठी, की तिघांनी वाकून एकदम वाचावीत. कडेला भरपूर जागा मोकळी सोडली, कारण बुक्क्याची बोटं तिथेच लागणार.

एकच अडचण होती. कोमल स्वराखाली आडवी रेघ द्यावी लागते आणि संगणकावरच्या आमच्या मराठी अक्षरांना ती नीट बसत नव्हती. म्हणून छपाईला जाणाऱ्या पानावर त्या रेघा मी स्वतः काळ्या पेनाने ओढायचे. चाली गावोगावची मंडळं लिहून पाठवत. प्रूफ तपासायला मंगळवार पेठेतले एक म्हातारे पेटीमास्तर येत, कानावर पेन्सिल खोचून. मला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. मास्तर पेन्सिलीने खूण करतील तिथे मी रेघ ओढायची.

तिसरा अंक निघाला आणि शहरातल्याच एका मंडळाचे बुवा जिना चढून वर आले. त्यांनी अंक माझ्या टेबलावर आपटला.

"आम्ही दिलतं एक आन् तुम्ही छापलंय भलतंच. कुणी मारल्या ह्या रेघा?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मांडणी म्हणून अंकावर माझंच नाव होतं. नोकरी जाते की काय, अशी मला भीती वाटली. बुवा गेल्यावर मी मंडळांचे मूळ कागद काढले आणि प्रुफांशी मिळवत बसले. तिन्ही अंकांतल्या चालींत मास्तरांनी एकदोन ठिकाणी स्वर बदलले होते. मूळ कागदावर तसं काही नव्हतं.

मी मास्तरांना विचारलं. "चुकलं हुतं, नीट केलं," ते म्हणाले.

"कशावरून चुकलं?"

"कानाला कळतंय की."

पुढे विचारलं तर त्यांनी पेन्सिल कानावर खोचली आणि दुसरं प्रूफ पुढे ओढलं. कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी पक्कं धरलं. त्यात कळलं, की ते हुपरीच्या एका मंडळाला पेटी शिकवायला जातात आणि भजनस्पर्धेत ते मंडळ आणि हे बुवा दरवेळी समोरासमोर असतात. झालं. दुसऱ्याची चाल बिघडवून छापायची, हा म्हाताऱ्याचा डाव मला लख्ख दिसला. तीन मूळ कागद आणि तीन प्रुफं मी मालकांपुढे मांडली.

मालकांनी वयाचा मान राखला. "मास्तर, आता जिना चढायचा त्रास नगो तुमास्नी," एवढंच म्हणाले. मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि उतरून गेले. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हे लपवत नाही.

पुढचे तीन अंक मी मूळ कागदाशी अक्षरन् अक्षर मिळवून छापले. मंडळं खूश झाली. तेच बुवा आणखी दोन चाली घेऊन आले, वर पेढेही. मग नेसरीजवळच्या एका खेड्यातून कार्ड आलं: पहिले तीन अंक बरे होते, आता चाली पेटीवर बसत नाहीत. हे मास्तरांनीच कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार. असा माणूस खरोखर आहे का हे बघायला मी एकादशीला रजा काढून एसटीने गेले.

माणूस होता. ऊस करणारा, देवळात पेटी वाजवणारा. दुपारच्या भजनाला सगळे जमले होते. पहिल्या तीन अंकांची मधली पानं पुठ्ठ्यावर चिकटवून, वर प्लास्टिक लावून भिंतीवर टांगली होती. माझी मांडणी अशी देवळात बघून माझा ऊर भरून आला. मग त्यांनी सहाव्या अंकाचं पान पेटीशेजारी पसरलं आणि सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला पेटी एकीकडे गेली, गळे दुसरीकडे. सगळे थांबले.

"तुमची चूक न्हाय, ताई," पेटीवाला म्हणाला. "चाल देताना एखादा सूर मोडूनच देत्यात समदी. खरी दिली तर फुडच्या स्पर्धेत दुसराच गाऊन जाईल की. आमीबी तसंच केलं असतं." त्याने भिंतीवरच्या पुठ्ठ्यांकडे हात केला. "पर ह्या तिन्हींत मोडल्याला सूर कुणीतरी जाग्यावर आणून बसिवलाय. तुमच्यातला त्यो कानाचा माणूस आजारी हाय का?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

त्यांनी आजारी माणसासाठी म्हणून खोबरं आणि गूळ कागदात बांधून दिला.

परतीच्या एसटीत सगळा उलगडा झाला. बुवा भडकले होते ते खरी चाल बाहेर पडली म्हणून. चोराच्या मनात चांदणं. मास्तरांनी तोंड उघडलं असतं तर त्या मंडळाची गावभर शोभा झाली असती, म्हणून ते गप्प बसले. आणि मी त्यांनाच चोर ठरवलं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार पेठेत जाऊन मी मास्तरांना सगळं सांगितलं, आजारी म्हटल्याचंही. माफी मागितली. त्यांनी मी दिलेली पुडी सोडली. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून सावकाश चावत राहिले. मी नव्या अंकाचं प्रूफ आणि त्यांची पेन्सिल पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, ओठांतल्या ओठांत एक ओळ म्हटली, मग दुसरी. पेन्सिल उचलली आणि थांबले.

"मूळ कागद आणलायस न्हवं?"

"कशाला, मास्तर? तुम्ही म्हणाल तसंच करायचं."

"पिशवीत असंल बघ," ते म्हणाले. "काढ भाइर. शेजारी ठिवूनच करूया."

कागद पिशवीतच होता. मास्तरांनी काय काय बदललं ते परतताना मिळवून बघावं म्हणून सकाळीच मी तो घडी घालून तळाशी ठेवला होता. मी तो काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.